तीन आठवडे आणि सव्वीस वर्षे

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला आणि आठवडाभरातच त्यातील किरणोत्सर्गी द्रव्ये पावसाबरोबर ब्रिटनमधील वेल्स व कंब्रियाच्या डोंगरांवर उतरली. जूनमध्ये सरकारने तेथील मेंढ्या हलविण्यावर व त्यांच्या कत्तलीवर बंदी घातली. मुदत होती तीन आठवड्यांची. शेवटचे निर्बंध उठण्यास २०१२ साल उजाडले.

एवढी मोठी चूक झाली कशी? सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे आहे, हे सर्वज्ञात होते. हिशेब फसला तो मातीच्या रसायनशास्त्रात. सीझियम हे गुणधर्मांनी पोटॅशियमचे भाऊबंद. चिकणमातीच्या सूक्ष्म पापुद्र्यांत ते घट्ट अडकते व मुळांना सहसा मिळत नाही. या अनुभवावर विसंबून, गवतातील सीझियम लवकरच ओसरेल, असे तज्ज्ञांनी गृहीत धरले. परंतु डोंगरावरची जमीन कुजलेल्या वनस्पतींची, आम्लधर्मी आणि पोटॅशियमची वानवा असलेली. चिकणमातीचा अंश तीत अल्पच. तेथे सीझियम मोकळे राहिले, गवताने ते शोषून घेतले, त्यातून ते मेंढ्यांच्या मांसात गेले आणि मलमूत्रावाटे पुन्हा जमिनीत आले. हे चक्र वर्षानुवर्षे फिरत राहिले.

अल्पायुषी द्रव्येही निरुपद्रवी नसतात. आयोडिन-१३१ चे अर्धायुष्य अवघे आठ दिवसांचे. तथापि शरीर साध्या आयोडिनमध्ये व त्याच्यात भेद करीत नाही. गवतातून गायीच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या थायरॉइड ग्रंथीत ते साठले. बेलारूस व युक्रेनमध्ये पुढील काळात या ग्रंथीच्या कर्करोगाचे हजारो रुग्ण आढळले. ते दूध सर्वत्र वेळीच थांबविले गेले असते, तर यांपैकी अनेकांचे दुखणे टळले असते.

तेव्हा अशा प्रसंगी किरणोत्सर्ग किती झाला, एवढेच विचारून भागणार नाही. कोणते मूलद्रव्य, कोणत्या मातीत पडले आणि कोणाच्या ताटात पोचणार, हेही विचारले पाहिजे. त्यासाठी प्रयोगशाळेइतकीच गावच्या जमिनीची व चराईची माहिती लागते, आणि ती स्थानिक शेतकऱ्यापाशी असते. त्याला वगळून दिलेले आश्वासन खोटे ठरले, की लोक पुढील खऱ्या इशाऱ्यावरही विश्वास ठेवीत नाहीत. अणुशक्तीचा अंगीकार करणाऱ्या प्रत्येक शासनाने आपल्या परिसरातील मातीची ओळख अपघातापूर्वीच करून घ्यावी, हे उचित.