ब्लॉकेज किती टक्के, हे विचारून भागत नाही

‘८० टक्के ब्लॉकेज आहे, आत्ताच स्टेंट टाकून घेऊ.’ अँजिओग्राफीच्या टेबलावर पेशंट असताना बाहेर नातेवाइकांना असं घाबरवून पाच मिनिटांत सही घेणं मला मान्य नाही. हार्ट अटॅक सुरू असेल तर गोष्ट वेगळी. तिथे एक मिनिटही दवडू नका, स्टेंट जीव वाचवतो. मी बोलतोय ते चालल्यावर छातीत दुखणाऱ्या, पण स्थिर असलेल्या पेशंटबद्दल.

अँजिओग्राफीत दिसते ती रक्तवाहिनीची सावली. तिच्यावरून नळी किती अरुंद आहे याचा अंदाज येतो. पुढे रक्त किती कमी पोचतंय, ते कळत नाही. तो प्रश्न भौतिकशास्त्राचा. औषध देऊन रक्तप्रवाह वाढवायचा आणि बारीक तारेने अडथळ्याच्या अलीकडचा-पलीकडचा दाब मोजायचा. हीच एफएफआर तपासणी. अलीकडे १०० असताना पलीकडे ८० च्या वर दाब टिकला, तर सहसा स्टेंट लागत नाही.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फेम’ अभ्यासात १००५ रुग्ण होते. नुसतं चित्र बघून स्टेंट टाकलेल्यांपैकी १८.३ टक्के जणांना वर्षभरात मृत्यू, अटॅक किंवा पुन्हा प्रोसिजर यांना सामोरं जावं लागलं. दाब मोजलेल्यांत १३.२ टक्के. आणि स्टेंटही कमी लागले!

म्हणून सही करण्याआधी विचारा, ‘डॉक्टर, दाब मोजला का?’ तार महाग पडते, असं उत्तर मिळेल. मग स्टेंट काय फुकट मिळतो?