सावलीचा हक्क

देहाची संरक्षणव्यवस्था परक्या जंतूंशी लढण्याऐवजी स्वतःच्याच पेशींवर उलटली म्हणजे ज्या व्याधी उद्भवतात, त्यांपैकी ल्युपस ही एक होय. ती संसर्गजन्य नाही. परंतु समूळ बरीही होत नाही. तिच्या दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि बहुधा शिक्षण, नोकरी व मातृत्व यांच्या ऐन उमेदीच्या वर्षांतच ती गाठते. सांधे, त्वचा व मूत्रपिंडे यांना तिची झळ विशेष पोहोचते. पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत तर साधे ऊनही ती बळावण्यास पुरेसे होते. अतिनील किरणांनी त्वचेतील पेशी मरतात, त्यांचे अवशेष शरीराला शत्रूसारखे भासतात आणि शमलेला रोग पुन्हा उसळतो. मैदानावर काढलेल्या एका तासाची किंमत पुढे कित्येक दिवस ताप, थकवा व सांधेदुखी यांच्या रूपाने मोजावी लागू शकते.

आपल्या संस्था मात्र ऊन सर्वांना सारखेच सोसते, असे गृहीत धरून चालतात. मैदानावरील प्रार्थना, झेंडावंदनाची कवायत, जनगणनेची दारोदार फिरती, ही सारी कामे याच गृहीतावर उभी आहेत. वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या शिक्षिकेने छत्री उघडली तर तो नखरा ठरतो. लिपिक महिलेने खिडकीपासून दूरची जागा मागितली तर तो कामचुकारपणा. अतिनील किरणांचा काही भाग काचेतूनही आत येतो, हे किती कार्यालयप्रमुखांना ठाऊक असेल?

औषधांची कथाही सरळ नाही. मूळची हिवतापावरील हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन ही या रोगावरील आधारभूत गोळी; परंतु दीर्घकालीन सेवनाने नेत्रपटलास अपाय होण्याचा संभव असल्याने नियमित तपासणी अटळ ठरते. स्टेरॉइडे प्राण वाचवितात, पण हाडे ठिसूळ करतात, रक्तातील साखर वाढवितात. आणि ती एकाएकी थांबविणेही घातकच. मार्च २०२० मध्ये कोविडवरील उपायाच्या आशेने याच हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनवर झुंबड उडाली. कोविडने रुग्णालयात दाखल झालेल्यांना तिचा लाभ होत नाही, असे जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने दाखविले. तोवर जिला ती रोजच हवी होती, त्या रुग्णेवर दुकानोदुकानी हिंडण्याची पाळी आली होती.

येथे प्रश्न केवळ करुणेचा उरत नाही. तो हिशेबाचाही होतो. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेतील विम्याचा भर रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांवर आहे. मूत्रपिंड निकामी झाल्यावर पैसा मिळावा, आणि ते वाचविणाऱ्या गोळ्या व तपासण्या यांचा नित्याचा खर्च मात्र घरानेच सोसावा, हे काटकसरीचे लक्षण नव्हे. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ च्या एकवीस प्रकारांच्या सूचीतही ल्युपसचे नाव नाही.

सवलती दिल्यास त्यांचा दुरुपयोग होईल, असा आक्षेप घेतला जाईल. तो निराधार नाही. परंतु त्यावर वैद्यकीय प्रमाणपत्राचा उपाय आहे. शिवाय येथे मागणी आहे ती कामातून सुटकेची नव्हे, कामाच्या जागेची. फिरतीऐवजी खोलीतील काम, कवायतीच्या वेळी सावली, रुग्णालयाच्या तारखेस विनातक्रार रजा, एवढ्यासाठी शासनाला नवा कर बसवावा लागत नाही. एक परिपत्रक पुरते. ते निघेपर्यंत एखाद्या मुख्याध्यापकाने व्हरांड्यात एक खुर्ची ठेवली, तरी आरंभ झाला असे म्हणता येईल.