लाजेची वसुली

शेजारच्या खोलीतल्या बाईंचा नवरा जाऊन अकरा दिवस झाले होते. दहावा उरकून पाहुणे परतले होते, तेराव्याची तयारी चालली होती, आणि दोन तरुण दारात येऊन उभे राहिले. हातात फाइल होती, पण ती त्यांनी उघडली नाही. एकाने कठड्याला पाठ टेकली आणि साऱ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात मयताचे नाव घेऊन थकलेल्या हप्त्यांचा आकडा सांगितला. बाईंनी एवढेच विचारले, की मी हे कर्ज घेतलेले नाही, कुठे सही केलेली नाही, जामीन राहिलेली नाही, मग माझ्याकडे कसे मागता? तो म्हणाला, ‘नवऱ्याचं खाल्लंत, मग नवऱ्याचं फेडायला नको?’ मजल्यावरची दारे एकेक करून अर्धी लोटली गेली. पुरती कोणी लावली नाहीत, कारण ऐकायचे सर्वांनाच होते. ते तरुण गेल्यावर मी बाईंकडे गेलो. आपण धीर द्यायला चाललो आहोत, असेच मला वाटत होते. म्हणालो, ‘वहिनी, देऊन मोकळ्या व्हा. चारचौघांत शोभा नको.’ महिनाभरात त्यांनी डब्यात जपून ठेवलेल्या पाटल्या मोडल्या. लग्नात आईने घातलेल्या त्या पाटल्या होत्या.

पुढे कळले, की त्या पाटल्यांवर कर्ज देणाऱ्याचा काडीचाही हक्क नव्हता. ते स्त्रीधन होते. नवऱ्यामागे भाड्याची खोली आणि चार भांडी राहिली होती; ज्यातून वसूल करावे असे काही उरलेच नव्हते. म्हणजे जे देणे त्या बाईंचे नव्हते ते त्यांनी फेडले, आणि फेडायला लावणाऱ्यांत मी होतो. त्या तरुणांनी त्यांना घाबरवले हे खरे. पण पाटल्या सराफाच्या काट्यावर गेल्या त्या माझ्या सल्ल्याने.

हा सल्ला माझ्या तोंडी आला कुठून? मला तो कोणी शिकवला नव्हता. आपल्या घरांत तो न शिकवताच येतो. बापाचे कर्ज मुलाने फेडल्याशिवाय बापाला गती नाही, कर्ज बुडवणारा पुढच्या जन्मी सावकाराच्या दावणीला बैल होऊन येतो, असे ऐकत आपण वाढलो. घेतलेले फेडावे, दिलेला शब्द पाळावा, ही शिकवण उत्तमच आहे आणि तिला मी बोट लावत नाही. पण ज्याने घेतले त्याने फेडावे, या सरळ न्यायाचे आपण कधीतरी ‘ज्याच्या घरात घेतले गेले त्या घराने फेडावे’ असे करून टाकले. मग घर म्हणजे बायको, घर म्हणजे अजाण पोर, घर म्हणजे वेगळे निघालेला भाऊसुद्धा. ज्या धर्मशास्त्राचा हवाला आपण देतो, त्यानेही बापाने दारू-जुगारापायी केलेले कर्ज मुलावर लादलेले नाही. आपण मात्र शास्त्राहून कठोर झालो. कायदा आपल्या फार आधी शहाणा झाला होता. मुंबई इलाख्यात 1866 मध्येच ठरले, की हिंदू वारस मयताच्या कर्जाला जबाबदार असेल तो त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरताच. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तेच तत्त्व आहे. आणि 2005 मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन, केवळ पुत्रधर्म म्हणून बापाचे नवे कर्ज मुलाकडून वसूल करण्याची वाटही बंद झाली. 1866 च्या त्या कायद्याला दीड शतक लोटले, तरी आपण अजून ‘खाल्लंत, मग फेडा’ याच वाक्यापुढे मान खाली घालतो.

वसुली करणारा हे पुरते ओळखून असतो. पूर्वी सावकार ऋणकोच्या दारात धरणे धरून बसे, उपाशी राही, आणि पापाच्या भीतीने आतला माणूस हवालदिल होई. 1860 च्या दंडसंहितेने असे धरणे गुन्हा ठरवले. धरणे गेले, पण त्यामागची युक्ती गेली नाही. देवाच्या कोपाच्या जागी आता शेजाऱ्यांची नजर आली आहे. म्हणून तो फाइल उघडत नाही, आवाज चढवतो. म्हणून तो कर्जदाराच्या मेहुण्याला, कचेरीतल्या साहेबाला, ज्याचा नंबर केवळ संदर्भ म्हणून लिहिला होता त्या जुन्या मित्राला फोन करतो. कोर्टात जे मागता येत नाही ते तो ओट्यावर मागतो. तिथे पुरावा लागत नाही, कारण तिथले न्यायाधीश आपण असतो, आणि ‘आग असल्याशिवाय धूर निघत नाही’ असे म्हणून आपण निकाल आधीच दिलेला असतो.

ही म्हण किती खोटी ठरू शकते, हे महाराष्ट्राला तरी कोणी सांगायला नको. 12 मे 1875 रोजी भीमथडीतल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठली ती मुख्यतः कर्जरोख्यांसाठी. घेतले किती आणि लिहिले किती, याचा मेळ नसलेले, फेडीची पावती कधी न दिलेले ते कागद त्यांनी जाळले. पुढे 1879 च्या कायद्याने न्यायाधीशालाच सांगावे लागले, की नुसत्या रोख्यावर विसंबू नकोस, व्यवहाराच्या मुळाशी जाऊन हिशेब तपास. चारच वर्षांनी जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला आणि या लुबाडणुकीचे मूळ अविद्येत दाखवले. आज आपण शिकलो, पण ती अविद्या गेलेली नाही. कोऱ्या कागदावरचा अंगठा गेला आणि ओटीपी आला. कोणाच्या पॅन कार्डावर तिसऱ्यानेच कर्ज उचललेले असते, कोणाचे फेडलेले खाते नोंदीत थकलेलेच दिसत राहते. असा फोन आपल्या नातेवाइकाला आला की आपण पहिल्यांदा विचारतो, ‘किती घेतलेस?’ ‘कागद पाहिलास का?’ हे आपल्या तोंडी येतच नाही.

हा प्रश्न तोंडी यावा म्हणून काही गोष्टी घरोघर ठाऊक हव्यात. रिझर्व्ह बँकेने 12 ऑगस्ट 2022 रोजी बजावले आहे, की वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, कोणाची चारचौघांत मानहानी करायची नाही, कर्जदाराच्या घरच्यांना, मित्रांना, संदर्भ दिलेल्यांना छळायचे नाही. देणे आपले नसेल तर तसे लेखी कळवावे, कराराची प्रत आणि आपली सही मागावी, आणि ‘सध्या थोडे तरी भरा’ याला बळी पडू नये; भरलेला पहिला हप्ता उद्या कबुली म्हणून पुढे केला जातो. कर्ज देणाऱ्याने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. धमकी असेल तर पोलिसांत. पण अकरा दिवसांपूर्वी जिचा नवरा गेला तिने हे सारे एकटीने करावे, अशी अपेक्षा ठेवणे हीसुद्धा आपली निष्ठुरताच आहे. नियम कागदावर असतात. दारात उभे राहायला माणसे लागतात.

आणि माणसे बदलतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये विधवेचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पिढ्यान्‌पिढ्या जे धर्म म्हणून चालले ते एका गावाने क्रौर्य म्हणून ओळखले. तसाच ठराव प्रत्येक ग्रामसभेला, प्रत्येक चाळीला, प्रत्येक सोसायटीला करता येईल: आमच्याकडे कोणाच्याही दारात वसुलीवाला आला तर ते दार एकटे राहणार नाही, शेजारचे दोघे आधी बाहेर येतील आणि कागद मागतील. देणे खरे निघाले तर ते न्यायाच्या वाटेने मिटेल, खोटे निघाले तर आलेला माणूस आल्या पावली परत जाईल.

त्या बाई अजून त्याच मजल्यावर राहतात. मी त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही तरी माझ्याशी बोलायला आलात, बाकीच्यांनी तेही केलं नाही.’ ही क्षमा मला आरोपाहून जड वाटते. चुकीचा सल्ला देणारा शेजारी त्यांना चांगला वाटला, इतके एकटे आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना ठेवले होते.