गिलसाहेबाचा बॅकअप

भुसावळ म्हटलं की काय आठवतं? जंक्शन, केळी आणि गाडी बदलताना प्लॅटफॉर्मवर काढलेले दोन तास. पण मेजर रॉबर्ट गिलची कबर याच गावात आहे! महानोरांच्या ‘अजिंठा’तला आणि नितीन देसाईंच्या २०१२च्या सिनेमातला, पारोचा गिल. लव्हस्टोरी सगळ्यांना पाठ आहे. मला बोलायचंय त्याच्या नोकरीबद्दल.

१८४४मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला अजिंठ्याची चित्रं कॅनव्हासवर उतरवायला पाठवलं. अंधाऱ्या लेण्यांत जवळपास वीस वर्षं गेली. चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली आणि १८६६च्या आगीत जवळजवळ सगळी जळाली. मग जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे.चे विद्यार्थी घेऊन तेच काम पुन्हा केलं. १८८५मध्ये त्यातलीही बरीच लंडनमध्येच खाक! दोन प्रोजेक्ट, दोन आगी आणि बॅकअप शून्य.

आज हे काम लेझर करतो. तिपाईवर स्कॅनर ठेवायचा. त्याचा किरण भिंतीवर आपटून परत येतो आणि लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं. एक मीटर जाऊन यायला सेकंदाचा पंधरा कोटींवा भाग लागतो, म्हणजे घड्याळ काय तोडीचं हवं बघा! असे लाखो ठिपके जमले की जागा बदलून पुन्हा स्कॅन. सगळे स्कॅन सामाईक भागांवरून एकमेकांना जुळवायचे, ठिपके जोडून त्रिकोणांची जाळी विणायची आणि वर फोटोंचे रंग चढवायचे. झालं थ्री-डी मॉडेल.

याचा फायदा पॅरिसला कळला. अँड्र्यू टॅलन या प्राध्यापकाने नोत्र दाम चर्च लेझरने मोजून ठेवलं होतं. २०१८मध्ये तो गेला, २०१९मध्ये चर्चला आग लागली, आणि दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाताशी त्याचे आकडे होते.

खरी मेख आहे ती किरण पोचत नाही तिथे. अजिंठ्याच्या २६ नंबरच्या लेण्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध खांबांच्या रांगेमागे पहुडलाय. सभागृहाच्या मधोमध स्कॅनर लावला तर प्रत्येक खांबाची सावली त्याच्या अंगावर पडणार, आणि सावलीत डेटा नाही, भोक. स्टॅनफर्डच्या मार्क लेव्हॉयच्या टीमने १९९९मध्ये मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ स्कॅन केला. तब्बल २ अब्ज त्रिकोण, तरी खोल खाचांत लेझर शिरला नाहीच.

सॉफ्टवेअर अशी भोकं अंदाजाने बुजवतं. स्क्रीनवर सगळं गुळगुळीत, एकदम रिअल! गेममध्ये चालेल हो. लेण्याच्या रेकॉर्डमध्ये मात्र भरलेला भाग वेगळ्या रंगात दाखवायलाच हवा, या मताची मी आहे. नाहीतर उद्या कुणी ती फाइल उघडून दुरुस्तीला बसेल, आणि बुद्धाच्या गालाचा एक तुकडा सॉफ्टवेअरने घडवलेला निघेल.