स्तंभ रुंद केला म्हणून साखर उतरत नाही

पावडरीचं पत्रक दाखवून तुम्ही विचारता, "डॉक्टर, मधुमेहाच्या गोळ्या बंद करू का?" अहो, आधी त्यातला आलेख नीट बघा! पावडरीचा स्तंभ गोळीच्या दुप्पट उंच. बरं, पण तो दुप्पट रुंद कशासाठी? दोन्ही दुप्पट झाले की क्षेत्रफळ चौपट होतं, आणि डोळा तिथेच फसतो. सॉफ्टवेअरमध्ये रुंदीचा एक आकडा बदलला की काम झालं. हिस्टोग्राममध्ये वयोगट लहानमोठे असतील तर रुंदीला अर्थ असतो; इथे नुसता रंग जास्त लागलाय. विक्रेत्याला विचारा: किती रुग्णांना दिली? किती महिने? एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर, कितीने उतरली? गोळ्या स्वतःहून बंद करू नका. पत्रक इकडे आणा, स्तंभांची उंची पट्टीने मोजून बघू.