टिपाडातले डिझेल आणि वहीतला हिशेब

धाराशिव जिल्ह्यात ट्रॅक्टर असलेल्या अनेक घरी गोठ्याच्या भिंतीला लागून, भर उन्हात, दोनशे लिटरचे टिपाड उभे दिसेल. त्याचे बूच सैल असते आणि शेजारीच कडब्याची गंजी. “डिझेल म्हणजे काही पेट्रोल नव्हे, काडी टाकली तरी विझते,” असे घरातले जाणते सांगतात. हे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच ते अधिक घातक आहे, असे माझे मत आहे.

ज्या तापमानाला इंधनाची पुरेशी वाफ होऊन ती ठिणगीने भडकू शकते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा हा बिंदू शून्याच्या पुष्कळ खाली असतो. डिझेलसाठी भारतीय मानकाने कमीत कमी 35 अंश सेल्सिअस ही मर्यादा घातली आहे. आता मे महिन्यातला आपला पारा आठवा. तो सावलीतही 40 च्या वर जातो. उन्हातल्या पत्र्याची गोष्ट तर विचारूच नका. हिवाळ्यात विझणारी काडी उन्हाळ्यात विझेलच, असे कोणी सांगावे?

दुसरी गोष्ट आगीइतकी डोळ्यांत भरत नाही, पण नुकसान फार करते. टिपाड श्वास घेते! तापमान 20 अंशांनी वाढले की 200 लिटर डिझेल सुमारे तीन लिटरने फुगते. रात्री ते आकसते आणि बुचातून बाहेरची हवा आत ओढली जाते. उभ्या टिपाडाच्या वरच्या काठात पावसाचे पाणी साचलेले असेल, तर तेही आत शिरते. टिपाड अर्धे रिकामे असेल, तर आतल्या हवेतील बाष्प थंड पत्र्यावर जमून खाली ओघळते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी व जिवाणू वाढतात. होय, डिझेल खाणारे सूक्ष्मजीव आहेत! त्यांचा बुळबुळीत थर फिल्टर तुंबवतो आणि पाण्यामुळे इंजेक्टर गंजतो.

हे कधी कळते? मृगाचा पाऊस पडून काळ्या रानाला वाफसा आला की. वाफसा चार दिवस टिकतो. त्या चार दिवसांत ट्रॅक्टर मिस्त्रीच्या दारात उभा राहिला, तर सोयाबीनची पेरणी लांबते आणि पुढचे सारे गणित बिघडते.

म्हणून भाव वाढण्याच्या भीतीने मोठा साठा करणे मला पटत नाही. 1934 च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे डिझेलचा 2,500 लिटरपर्यंतचा साठा परवान्याशिवाय करता येतो, मात्र त्यातले एकही भांडे 1,000 लिटरपेक्षा मोठे नको. पेट्रोलला ही सवलत केवळ 30 लिटरची. पण कायदा परवानगी देतो म्हणून ते शहाणपणाचे ठरत नाही. दोन-तीन आठवड्यांपुरते डिझेल पुरे. टिपाड सावलीत, कडब्यापासून व चुलीपासून दूर, घोडीवर आडवे ठेवावे. नळाच्या विरुद्ध बाजूला किंचित उतार द्यावा, म्हणजे पाणी तिकडे साचेल. जस्ताचा मुलामा दिलेले भांडे मात्र नको. जस्ताची डिझेलमधील आम्लांशी क्रिया होऊन साका तयार होतो.

आता थोडे गणित. नळातून सेकंदाला एक थेंब गळतो असे समजा. एका मिलिलिटरमध्ये 40 थेंब धरले, तरी दिवसाच्या 86,400 सेकंदांत दोन लिटरहून अधिक डिझेल मातीत जाते. इतकी गळती घरात कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण डिझेलची वहीच नसते. दुधाची वही असते, किराण्याची असते, मग डिझेलची का नसावी?

काम सुरू करण्यापूर्वी टाकी काठोकाठ भरावी, काम संपल्यावर पुन्हा तितकीच भरावी. दुसऱ्या वेळी लागलेले लिटर भागिले कामाचे तास. नांगरणी, पाळी, पेरणी यांचे आकडे वेगवेगळे लिहावेत. त्याच कामाला आकडा वाढू लागला किंवा धूर काळा येऊ लागला, की एअर फिल्टर आधी पाहावा. डिझेलवरचा पंप असेल, तर फूटव्हॉल्व्ह आणि पाइपातली अनावश्यक वळणे तपासावीत. पाण्याला अडथळा झाला की इंजिनाला जादा डिझेल लागते. 1978 साली स्थापन झालेली पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन शेतकऱ्यांना हेच सांगत आली आहे.

शिक्षकांना विनंती, की नववीच्या वर्गाला सुट्टीत ही वही घरी ठेवायला सांगावी. मोजमाप मोठ्यांच्या समोरच व्हावे, आणि टिपाडात किती उरले हे पाहायला काडी पेटवू नये. कोरडी, खुणा केलेली पट्टी बुडवून पाहावे.