सरोवरावर आयरिश बासरी कशाला?

लोणार सरोवराचा कुठलाही व्हिडिओ काढा, आधी आवाज बंद करून पाहा आणि मग चालू करून पाहा. दिसतं काय, तर काळ्या दगडातलं दैत्यसूदनाचं मंदिर, काठावरची वेडी बाभूळ, खाली हिरवट पाणी. वाजतं काय, तर हार्प, पत्र्याची आयरिश बासरी आणि शब्द न कळणारा एका बाईचा लांबलचक आलाप. ऐकून वाटावं, लोणारात बारमाही धुकं असतं. एप्रिलमध्ये येऊन पाहा म्हणावं.

इथे माझा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे, त्यामुळे या पापात माझाही वाटा आहेच. लग्नसराई लागली की प्री-वेडिंगवाल्या पोरांची फर्माईश ठरलेली: "भाऊ, मांगं ते शांत म्युझिक लावजा, रीलमध्ये असते तसं." तयार संगीताचा जो साठा आम्ही विकत घेतो, त्यात हे 'सेल्टिक', 'रिलॅक्सिंग' अशा नावांनी पडलेलं असतं. ओढून लावायचं, दोन मिनिटांचं काम.

पण या संगीताला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. शास्त्रीय ऐकणारे माझे मित्र याला 'लिफ्टमधलं संगीत' म्हणतात, तेव्हा मी भांडतो. रात्री उशिरा एडिटिंग संपवून मी आयरिश गायिका एन्या ऐकतो. तिचा 'वॉटरमार्क' हा अल्बम १९८८ साली आला. त्यात जो गायकवृंद ऐकू येतो, तो बहुतेक ती एकटीच आहे. निकी रायन या तिच्या निर्मात्याने तिचा आवाज पुन:पुन्हा ध्वनिमुद्रित करून थरावर थर चढवले. दिवसभर आवाजाच्या पट्ट्या कापणाऱ्या माणसाला विचारा, त्यात किती मेहनत आहे ते. शांत वाटणारी गोष्ट आळशीपणाने बनते, हा गैरसमज आहे.

आपल्या कानाला ते परकं का वाटत नाही, याचंही कारण आहे. आयरिश आणि स्कॉटिश लोकधुनांपैकी कितीतरी पाच स्वरांच्या असतात, आणि त्यातले बरेचदा आपल्या भूपाचेच: सा रे ग प ध. सकाळच्या रेडिओवर भूपाळी ऐकून वाढलेल्या माणसाला ते ओळखीचं वाटणारच. खाली तंबोऱ्यासारखा एकच स्वर धरलेला असतो. शिवाय इथे समेची वाट पाहावी लागत नाही. बैठकीत श्रोत्यालाही काम असतं. मान हलवायची, दाद द्यायची, राग ओळखला नाही तर गप्प बसायचं. हे संगीत काहीच मागत नाही. थकलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

अशा शांतवणाऱ्या संगीताला 'न्यू एज' म्हणतात आणि ग्रॅमीत त्यासाठी वेगळा पुरस्कार १९८७ पासून आहे. एन्याने तो चार वेळा घेतला. २०२५ मध्ये आपल्या चंद्रिका टंडन यांना 'त्रिवेणी'साठी तो मिळाला, तोही दक्षिण आफ्रिकेचा बासरीवादक आणि जपानी चेलोवादक सोबत घेऊन.

माझं भांडण वेगळ्या ठिकाणी आहे. एन्या आली ती आयर्लंडच्या डोनेगल परगण्यातल्या ग्वीडोरहून, जिथे लोक अजून आयरिश बोलतात. वडिलांची खानावळवजा मद्यशाळा होती, तिथे घरच्यांचं गाणंबजावणं चाले. भावंडं आणि जुळे मामा मिळून 'क्लॅनाड' हा वाद्यवृंद झाला. १९८२ मध्ये त्यांचं आयरिश भाषेतलं गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत वर चढलं, तेव्हा त्यामागे एक गाव होतं, त्याची भाषा होती. बाजाराने पुढे त्यातलं गाव काढून टाकलं आणि धुकं तेवढं ठेवलं. आता कुणीही कुठेही कीबोर्डवर 'सेल्टिक' अल्बम बनवतो. हेडफोन लावून पडलेल्या माणसाला तेच हवं असतं, कारण त्याला त्या घटकेला कुठेच असायचं नसतं. माझी त्याला हरकत नाही. पण एका गावावरून उतरवलेलं हे निनावी धुकं दुसऱ्या गावावर पांघरलं, की ते दुसरं गावही निनावी होतं.

आणि लोणार तर जगात शोधून सापडायचं नाही असं. बेसाल्टच्या खडकात उल्केने पाडलेलं, जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर, त्यात खारं-अल्कधर्मी पाणी. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, त्याच वर्षी पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव लागलं, आणि व्हिडिओंचा पूर आला. सगळ्यांवर तोच आलाप! धारेवर गोमुखातून पडणारं पाणी, त्याखाली आंघोळीला आलेल्यांची गडबड, उतरणीवर मोरांची केकावली, वानरांचे हुप्प, नवरात्रात कमळजादेवीच्या यात्रेचा गलका, यातलं काहीही कुणी ऐकवत नाही.

शांत संगीत जागेचं नाव घेऊनही करता येतं. १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' घ्या. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहीर भैरवापासून पुढे. एचएमव्हीत त्यामागे उभे होते ते आपले भावगीतांचे आद्य गायक जी. एन. जोशी. ती तबकडी ऐकत लोक झोपीही गेले असतील, पण खोरं कुठलं ते कुणी विसरलं नाही.

लोणारवर माहितीपट काढणाऱ्यांनी निदान एक दिवस माईक घेऊन खाली उतरावं. कॅमेऱ्याला लागतो त्याच्या निम्माही वेळ लागत नाही. मी स्वत: पहाटे जाऊन धारेचा आवाज भरून आणलाय आणि गिऱ्हाइकाला आधी तो ऐकवतो. मागच्या हंगामात एका नवरदेवाच्या वडिलांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "भाऊ, तुमचा नळ चालू राह्यला वाटते." त्यांना बासरीच लावून दिली. पैसे त्यांचे.